चालत्या रुळांवरचे पूल

मुंबई बेट दक्षिणोत्तर लांब आणि पूर्व-पश्चिम अरुंद आहे, आणि शहरातले रेल्वेमार्ग या लांबीला धरूनच टाकले गेले असल्यामुळे पूर्वेकडून पश्चिमेकडे जाणाऱ्या प्रत्येक रस्त्याला कुठे ना कुठे रूळ ओलांडावे लागतात. 16 एप्रिल 1853 रोजी बोरीबंदर ते ठाणे ही पहिली गाडी धावली तेव्हा ही अडचण फारशी जाणवण्याजोगी नव्हती, कारण गाड्या मोजक्या होत्या आणि रस्त्यावर बैलगाड्या, घोडागाड्या व पायी चालणारी माणसेच अधिक होती. परंतु ग्रेट इंडियन पेनिन्शुला आणि बॉम्बे, बरोडा अँड सेंट्रल इंडिया या दोन कंपन्यांचा पसारा वाढत गेला, गोदी आणि गिरण्यांकडे जाणारी मालवाहतूक वाढली आणि फाटकांवर तासन्‌तास खोळंबा होऊ लागला, तसतसे रुळांवरून जाणारे रस्त्याचे पूल उभे राहिले. मशीद बंदराजवळचा कारनॅक पूल 1868 मध्ये, सँडहर्स्ट रोडजवळचा हँकॉक पूल 1879 मध्ये, मुंबई सेंट्रलजवळचा बेलासिस पूल 1893 मध्ये, शीवचा पूल 1912 मध्ये, परळ आणि प्रभादेवी यांना जोडणारा एल्फिन्स्टन पूल 1913 मध्ये आणि दादरचा टिळक पूल 1925 मध्ये बांधून झाला. बहुतांशी गव्हर्नर आणि अधिकारी यांची नावे घेऊन उभे राहिलेल्या या पुलांनी पुढे शंभर-सव्वाशे वर्षे ट्राम, ट्रक, बेस्टच्या बसगाड्या आणि गणेशोत्सवाच्या मिरवणुका आपल्या पाठीवरून जाऊ दिल्या.

त्यांच्यापैकी बहुतेकांचे आयुष्य गेल्या दहा-बारा वर्षांत एकापाठोपाठ एक संपत आले आणि ते पाडून नवे बांधण्याची वेळ आली. नदीवरचा किंवा रस्त्यावरचा पूल बदलणे हेही सोपे काम नसते. परंतु ज्याच्या खालून दर दोन-चार मिनिटांनी लोकल जाते आणि ज्याच्या पोटाखालीच उच्च दाबाची वीजवाहक तार लटकलेली असते असा पूल बदलणे हा स्थापत्यशास्त्राइतकाच वेळेच्या हिशेबाचा आणि प्रशासकीय मेळाचा प्रश्न असतो. मुंबईच्या उपनगरी मार्गांवर रोज तीन हजारांहून अधिक फेऱ्या धावतात. शेवटची लोकल गेल्यानंतर पहिली लोकल सुटेपर्यंत मध्यरात्रीचे जेमतेम तीन तास मिळतात, आणि त्यातही लांब पल्ल्याच्या गाड्या व मालगाड्या असतातच.

पूल म्हातारा का होतो

पूल जुना झाला म्हणजे धोकादायक झाला, असा सर्वसाधारण समज आहे आणि तो निम्माच खरा आहे. वय हे कारण नसून वयाबरोबर येणाऱ्या तीन गोष्टी कारण ठरतात: लोखंडाला लागणारा गंज, वारंवार पडणाऱ्या भाराने धातूत येणारा थकवा, आणि मूळ आराखड्यात न धरलेले वाढीव ओझे. मुंबईची खारी दमट हवा आणि चार महिन्यांचा पाऊस गंजाला पोषक असतातच. त्यातच पुलावरच्या पाण्याचा निचरा करणारी भोके माती-कचऱ्याने बुजली की पाणी साचून राहते, सांध्यांमधून झिरपते आणि जिथे रंगाचा ब्रश पोहोचत नाही अशा बेचक्यांत पोलादाला पोखरते. धातूचा थकवा याहून फसवा असतो, कारण एका अवजड वाहनाने काहीच बिघडत नाही, पण तोच भार लाखो वेळा पडला आणि उतरला की रिव्हेटच्या भोकाशी केसाएवढी चीर पडते आणि हळूहळू वाढत जाते. वाढीव ओझ्याचा प्रकार तर निव्वळ माणसांचा आहे. दर काही वर्षांनी जुना थर न खरवडता त्यावरच डांबराचा नवा थर चढतो, कडेने जलवाहिन्या आणि केबल जातात, पदपथावर पेव्हर ब्लॉक बसतात. आणि हे सारे करणाऱ्या प्रत्येक खात्याला आपलेच ओझे तेवढे दिसते.

अंधेरीच्या गोपाळ कृष्ण गोखले पुलाची दुर्घटना या तिसऱ्या कारणाचा जणू वस्तुपाठच आहे. हा पूल 1975 मधला, म्हणजे वर सांगितलेल्या ब्रिटिशकालीन पुलांच्या मानाने अगदी तरुण. तरीही 3 जुलै 2018 रोजी सकाळी, मुसळधार पावसात, त्याचा पदपथाचा भाग तुटून पश्चिम रेल्वेच्या रुळांवर कोसळला. त्या वेळी समोरून येणाऱ्या लोकलचे मोटरमन चंद्रशेखर सावंत यांनी पूल कोसळताना पाहून तातडीचे ब्रेक लावले, म्हणून गाडी ढिगाऱ्यात घुसली नाही. मात्र या दुर्घटनेतील जखमींपैकी दोघांचा पुढे मृत्यू झाला. रेल्वे सुरक्षा आयुक्तांच्या चौकशीत दिसून आले की पदपथ पेलणारे पोलादी आधार गंजलेले होते आणि त्यांच्यावर केबल, वाळू व पेव्हर ब्लॉक यांचा जादा भार साचला होता. पदपथाखाली नेमके काय दडले आहे हे पाहण्याची जबाबदारी रेल्वेची की महापालिकेची, यावर दोन्ही बाजूंनी काथ्याकूट झाला, आणि त्याच सुमारास रेल्वे, महापालिका व आयआयटी मुंबई यांनी मिळून उपनगरी क्षेत्रातल्या 445 पुलांची तपासणी करण्याचा निर्णय जाहीर झाला. लोअर परळचा 1921 मधला पूल त्याच महिन्याच्या 24 तारखेला वाहनांसाठी बंद करण्यात आला, तो याच तपासणीच्या लाटेत.

अशा तपासणीला संरचनात्मक परीक्षण, किंवा रूढ भाषेत स्ट्रक्चरल ऑडिट, म्हणतात. त्यात काँक्रीटच्या पृष्ठभागावर ठरावीक जोराने आघात करून त्याचा टणकपणा मोजला जातो, ध्वनिलहरी आरपार पाठवून आतल्या पोकळ्यांचा अंदाज घेतला जातो, पोलादी पट्ट्यांची शिल्लक जाडी मोजली जाते, आणि या आकड्यांवरून मूळ भारक्षमतेपैकी किती उरली आहे याचे गणित मांडले जाते. ही साधने चांगली असली तरी ती ज्या जागी लावली जातात तिथलीच माहिती देतात. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसजवळच्या ज्या पादचारी पुलाला परीक्षणात फक्त किरकोळ दुरुस्तीची गरज असल्याचे म्हटले होते, तोच पूल 14 मार्च 2019 रोजी संध्याकाळच्या गर्दीत कोसळला. त्यानंतर परीक्षकांचा कल साहजिकच सावधगिरीकडे झुकला, आणि 'दुरुस्त करा' असे लिहिण्यापेक्षा 'पाडून नवा बांधा' असे लिहिणे अधिक सुरक्षित ठरू लागले. हा बदल समजण्यासारखा आहे. मात्र त्याची किंमत शहराने वर्षानुवर्षांच्या वळशांमध्ये मोजली, हेही नोंदवायला हवे.

उंचीचा हिशेब

सगळेच पूल कमकुवत झाले म्हणून गेले असे नाही. काही पूल धडधाकट असतानाही केवळ ठेंगणे असल्यामुळे अडसर ठरले. मुंबईतील रेल्वेचे विद्युतीकरण 1925 मध्ये 1,500 व्होल्टच्या एकदिश प्रवाहाने, म्हणजे डीसी विजेने, सुरू झाले होते. देशातल्या इतर मार्गांवर पुढे 25,000 व्होल्टचा प्रत्यावर्ती प्रवाह, म्हणजे एसी वीज, आली आणि मुंबईतही ती आणण्याचे काम पश्चिम रेल्वेवर 2012 मध्ये, मध्य रेल्वेच्या मुख्य मार्गावर 2015 मध्ये आणि हार्बरवर 2016 मध्ये पूर्ण झाले. विजेचा दाब जितका अधिक, तितके तार आणि तिच्या भोवतालचे लोखंड यांच्यात अंतर अधिक राखावे लागते, कारण अंतर कमी पडल्यास हवेतूनच ठिणगी उडून प्रवाह पुलाच्या लोखंडात उतरू शकतो. वाफेच्या इंजिनाच्या धुरांड्याची उंची डोळ्यांपुढे ठेवून बांधलेल्या एकोणिसाव्या शतकातल्या पुलाखाली हे अंतर मिळणे कठीण होते. रूळच खाली खोदून नेणे हा एक उपाय असतो; पण सखल भागात पावसाळ्यात मुळातच पाणी भरत असताना रूळ आणखी खाली नेणे म्हणजे स्वतः होऊन संकट ओढवून घेणे होय. हँकॉक पूल जानेवारी 2016 मध्ये पाडला गेला त्यामागे उंचीचा हा प्रश्न प्रमुख होता.

दुसरी अडचण रुंदीची. जुने पूल दोन किंवा चार मार्गिकांसाठी बांधलेले असल्यामुळे त्यांचे कडेचे दगडी आधार आणि मधले खांब आज नेमके तिथे उभे असतात जिथून नवी मार्गिका जायला हवी. शीवचा पूल 1 ऑगस्ट 2024 रोजी वाहनांसाठी बंद झाला तो जीर्ण झाला होता म्हणून तर खराच, पण छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस ते कुर्ला यांदरम्यानच्या पाचव्या-सहाव्या मार्गिकेला त्याच्या जागी मोकळा, खांब नसलेला गाळा हवा होता हेही तितकेच खरे. गाळा म्हणजे एका आधारापासून दुसऱ्या आधारापर्यंतचे अंतर. गाळा लांबला की त्यावरची तुळई, जिला कामावरचे सगळे गर्डरच म्हणतात, तीही जाड करावी लागते. आणि जाड तुळई रस्त्याच्या खाली ठेवावी तर पुन्हा गाड्यांसाठीची उंची कमी होते. यावरचा मार्ग म्हणून हल्ली तुळईचे पोलादी जाळे रस्त्याच्या दोन्ही बाजूंना वर उभे केले जाते, म्हणजे वाहने जाळीदार भिंतींच्या मधून जातात आणि खाली रेल्वेला पुरेशी मोकळीक राहते.

पुलाची उंची वाढवली की परिणाम फक्त पुलापुरता राहत नाही. दोन्ही टोकांना रस्त्यावरून पुलावर चढवणारे उतार असतात, त्यांना महापालिकेच्या भाषेत पोहोच रस्ते म्हणतात. हा उतार तीस मीटरला एक मीटर असा धरला, तर मधला भाग दीड मीटरने उचलल्यास प्रत्येक बाजूचा पोहोच रस्ता पंचेचाळीस मीटरने लांबतो. दाट वस्तीत हे पंचेचाळीस मीटर म्हणजे एखादा चौक, दोन-तीन इमारतींचे दरवाजे आणि दुकानांची अख्खी ओळ असते. अंधेरीत हे गणित सर्वांच्या डोळ्यांदेखत चुकले. रेल्वेच्या सुधारित निकषांनुसार नव्या गोखले पुलाची पातळी वाढली. पण पश्चिमेकडून त्याला येऊन मिळणारा बर्फीवाला उड्डाणपूल जुन्याच पातळीवर राहिला, आणि 26 फेब्रुवारी 2024 रोजी पुलाची पहिली बाजू खुली झाली तेव्हा दोन पुलांच्या टोकांमध्ये माणूस सहज उभा राहील एवढी फट लोकांना दिसली. समाजमाध्यमांवर त्याची यथेच्छ खिल्ली उडवली गेली. नंतर आयआयटी मुंबई आणि व्हीजेटीआय या संस्थांच्या सल्ल्याने बर्फीवाला पुलाचा शेवटचा भाग हायड्रॉलिक जॅकच्या साहाय्याने एका बाजूला सुमारे 1.4 मीटर आणि दुसऱ्या बाजूला सुमारे 0.65 मीटर उचलून, खाली नवे आधार देऊन, जोडणी करण्यात आली व जुलै 2024 मध्ये तो मार्ग सुरू झाला. उभा असलेला काँक्रीटचा पूल तडा न जाऊ देता तिरका उचलणे ही अभियांत्रिकीच्या दृष्टीने देखणी कामगिरीच होती, फक्त ती करण्याची वेळच यायला नको होती.

एक पूल, दोन मालक

रुळांवरच्या पुलाचा मधला भाग रेल्वेच्या हद्दीत आणि दोन्ही पोहोच रस्ते महापालिकेच्या हद्दीत, अशी या पुलांची फाळणी असते. वाहनचालकाला ही सीमा दिसत नाही. कागदावर मात्र तिच्या अलीकडे एक निविदा आणि पलीकडे दुसरी, अलीकडे एक मुख्य अभियंता आणि पलीकडे दुसरा असतो. प्रथम संपूर्ण पुलाचा सर्वसाधारण आराखडा तयार होतो, ज्यात रूळ, खांब, उंची, उतार आणि भविष्यातल्या मार्गिका यांची मापे एकत्र दाखवलेली असतात, आणि त्याला रेल्वेची संमती मिळाल्याशिवाय पुढचे पाऊल पडत नाही. त्यानंतर तुळईचे सविस्तर आरेखन, लखनौच्या रेल्वे संशोधन, अभिकल्प आणि मानक संघटनेचे निकष, पोलादाची तपासणी, वेल्डिंगची तपासणी, उभारणीच्या पद्धतीला मान्यता आणि रेल्वे सुरक्षा आयुक्तांची परवानगी असे टप्पे येतात. हे आयुक्त रेल्वे मंत्रालयाच्या नव्हे, तर नागरी उड्डाण मंत्रालयाच्या अखत्यारीत काम करतात, म्हणजे गाड्या चालवणाऱ्यांनीच स्वतःच्या सुरक्षिततेचा दाखला स्वतःला देऊ नये अशी त्यामागची योजना आहे, आणि ती शहाणपणाची आहे.

या परवानग्या निरर्थक आहेत असे कोणीही म्हणणार नाही. प्रश्न त्यांच्या क्रमाचा आहे. हँकॉक पुलाच्या बाबतीत पूल आधी पाडला गेला आणि नव्या पुलाचे आराखडे, कंत्राट व परवानग्या यांचा घोळ त्यानंतर वर्षानुवर्षे चालला. मधल्या काळात माझगाव आणि डोंगरी यांच्यामध्ये ये-जा करणारी माणसे, त्यांत शाळेची मुलेही, जीव मुठीत धरून रूळ ओलांडत राहिली, आणि पर्यायी वाटेसाठी लोकांना उच्च न्यायालयाचे दार ठोठावावे लागले. नवा पूल अंशतः खुला व्हायला ऑगस्ट 2022 उजाडले. साडेसहा वर्षांचा हा काळ बांधकामाच्या तांत्रिक अवघडपणाने जितका खाल्ला, त्याहून अधिक कागदांच्या प्रवासाने खाल्ला, असेच म्हणावे लागते.

पाडकाम

महामार्गावरचा पूल स्फोटकांनी पाडता येतो. पुण्याच्या चांदणी चौकातला जुना पूल ऑक्टोबर 2022 मध्ये मध्यरात्रीनंतर स्फोट घडवून पाडण्यात आला, आणि तिथेही पुलाचा काही भाग तसाच लोंबकळत राहिल्यामुळे उरलेले काम यंत्रांनी पुरे करावे लागले. रुळांवर हा मार्ग बंदच असतो, कारण स्फोटाने उडालेला एकेक दगड सिग्नल, रूळ आणि तारा यांचे नुकसान करू शकतो आणि ढिगारा उपसण्यात जाणारा वेळ आधी सांगता येत नाही. इथे पूल कोसळू द्यायचा नसतो, तो तुकड्या-तुकड्यांनी उचलून न्यायचा असतो.

त्यासाठी लागतो ब्लॉक. ठरावीक मार्गिकेवर ठरावीक वेळेपुरती गाड्यांची ये-जा थांबवून तो भाग अभियंत्यांच्या ताब्यात देणे म्हणजे ब्लॉक, आणि त्याबरोबर ओव्हरहेड वायरमधली वीजही बंद केली तर तो पॉवर ब्लॉक. मुंबईकर रविवारच्या मेगाब्लॉकला इतका सरावला आहे की त्याभोवती लग्नाचे मुहूर्त आणि परीक्षांच्या वेळा बसवतो. पण पूल पाडण्याचा ब्लॉक त्याहून कितीतरी मोठा असतो. कारनॅक पुलासाठी मध्य रेल्वेने 19 नोव्हेंबर 2022 च्या रात्री 11 वाजल्यापासून 21 नोव्हेंबरच्या पहाटे 2 वाजेपर्यंत असा 27 तासांचा ब्लॉक जाहीर केला. मुख्य मार्गावर भायखळा ते छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस आणि हार्बरवर वडाळा ते टर्मिनस या टप्प्यांत लोकल बंद राहिल्या आणि लांब पल्ल्याच्या अनेक गाड्या दादर, पनवेल, पुणे, नाशिक अशा स्थानकांतूनच माघारी फिरवाव्या लागल्या.

त्या 27 तासांच्या कामाची तयारी मात्र कितीतरी आठवडे आधी सुरू झालेली असते. पुलावरचे डांबर आणि खालचा भराव आधीच खरवडून काढला जातो, म्हणजे उचलायचे वजन घटते. पुलावरून गेलेल्या जलवाहिन्या, वीज आणि दूरध्वनीच्या केबल अन्यत्र वळवल्या जातात. प्रत्येक तुळईवर रंगाने क्रमांक घातले जातात आणि कोणता तुकडा कोणत्या क्रमाने कापायचा, कोणत्या क्रेनने उचलायचा, कोणत्या बाजूला ठेवायचा याचा तक्ता तयार होतो. क्रम चुकला तर उरलेल्या भागाचा तोल जातो, कारण जुन्या पुलात प्रत्येक तुळई शेजारणीला आडव्या पट्ट्यांनी बांधलेली असते आणि एकीला सोडवले की दुसरीवरचा ताण बदलतो. ब्लॉक सुरू झाल्यावर पहिले काम विजेचे: प्रवाह बंद करून तारा जमिनीशी जोडल्या जातात, म्हणजे चुकून प्रवाह आलाच तर तो माणसांच्या अंगातून न जाता जमिनीत उतरावा, आणि मग त्या बाजूला ओढून बांधल्या जातात. त्यानंतरच गॅसकटरच्या ज्योती पेटतात. कारनॅकचे सुमारे 450 टन लोखंड मोठ्या क्रेनच्या साहाय्याने असे तुकड्या-तुकड्यांनी उतरवण्यात आले आणि मुख्य मार्गावरची वाहतूक रविवारी दुपारी सुरू झाली. पुलाचे नाव इंग्रजी, देवनागरी आणि गुजराती अशा तीन लिपींत कोरलेले त्याचे बेसॉल्टचे दगड रेल्वेने जपून ठेवले. गव्हर्नर सर जेम्स रिव्हेट-कारनॅक यांच्या नावाचा तो पूल गेला आणि त्या जागी 10 जुलै 2025 रोजी खुला झालेल्या नव्या पुलाला 'सिंदूर' हे नाव देण्यात आले.

तुळई सरकवण्याची कला

पाडण्यापेक्षा चढवणे अवघड. अंधेरीच्या पुलाची एक तुळई सुमारे 90 मीटर लांब आणि सुमारे 1,300 टन वजनाची. कारनॅकची सुमारे 70 मीटर लांब आणि 550 टनांची. एवढे धूड एका दमात उचलून रुळांवर ठेवील अशी क्रेन शहरातल्या गल्लीत उभी करणे शक्य नसते, म्हणून तुळई उचलली न जाता सरकवली जाते. तिचे भाग कारखान्यात बनतात. अंधेरीचे भाग अंबाला येथे बनत होते आणि जुलै 2023 मध्ये उत्तरेत आलेल्या पुरामुळे ते वेळेवर पोहोचले नाहीत, म्हणजे हरियाणातल्या पावसाने अंधेरीची वाहतूक कोंडी काही आठवडे लांबवली. कारखान्यातच एकदा सर्व भाग जुळवून पाहतात, भोकांवर भोके बसतात की नाही ते तपासतात, पुन्हा सुटे करतात आणि ट्रेलरवरून पाठवतात. पुलाच्या एका अंगाला तात्पुरत्या पोलादी मनोऱ्यांवर ते उच्च ताणाच्या बोल्टांनी जोडले जातात. जोडणी करतानाच तुळईला मध्यभागी किंचित वरच्या बाजूला बाक दिलेला असतो, जेणेकरून रस्त्याचे काँक्रीट आणि वाहने यांचा भार आल्यावर ती सरळ रेषेत यावी.

सरकवताना खरे संकट तोलाचे असते. टेबलावरची फळी कडेबाहेर ढकलत नेली की अर्ध्याहून अधिक भाग बाहेर जाताच ती खाली कोसळते; तुळईचेही तसेच होते. म्हणून तिच्या पुढच्या टोकाला हलक्या पोलादाचे एक लांब नाक जोडले जाते, जे तुळईचा तोल जाण्यापूर्वीच पलीकडच्या आधारावर टेकते, आणि मागच्या टोकाला जड वजने ठेवली जातात. मग विंच किंवा जॅक लावून, वंगण घातलेल्या पृष्ठभागांवरून वा रोलरवरून, तुळई इंच-इंच पुढे जाते. दोन्ही बाजू समान वेगाने सरकत आहेत की नाही हे सतत मोजावे लागते, कारण एक बाजू थोडी जरी पुढे गेली तरी तुळई तिरकी होऊन अडकते. अंधेरीत पहिली तुळई डिसेंबर 2023 मध्ये आणि दुसरी सप्टेंबर 2024 मध्ये अशी रुळांवर आली. दुसरीचे काम अधिक किचकट होते, कारण ती आधी रुळांवरून आडवी नेऊन, मग उत्तरेकडे सरकवून, त्यानंतर सुमारे साडेसात मीटर खाली आणायची होती. खाली आणताना जॅकने तुळई थोडी उचलायची, आधारातला एक थर काढायचा, तुळई तेवढीच खाली टेकवायची आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचे, असा हा क्रम असतो. आणि हे सर्व रोज रात्री मिळणाऱ्या तीन-साडेतीन तासांच्या ब्लॉकमध्ये, पहाटेच्या पहिल्या लोकलपूर्वी सगळे सुस्थिर करून.

वेळ चुकली की काय होते ते कारनॅकच्या दुसऱ्या तुळईच्या वेळी दिसले. 25 जानेवारी 2025 च्या रात्री सुरू झालेले काम रविवारच्या पहाटे ठरल्या वेळेत आटोपले नाही आणि प्रजासत्ताक दिनाच्या सकाळी लोकलचे वेळापत्रक कोलमडले. तुळई अर्धवट सरकलेली असताना गाड्या सोडता येत नाहीत, आणि ती लगेच मागेही घेता येत नाही. म्हणूनच ब्लॉकच्या आराखड्यात परतीची एक वेळ आखून ठेवायची असते: त्या क्षणापर्यंत काम अमुक टप्प्यावर आले नसेल तर तिथेच थांबून सर्व जागच्या जागी बांधून टाकायचे. तो निर्णय घेणाऱ्या अभियंत्याला कोणी शाबासकी देत नाही.

पलीकडे जाणाऱ्यांचे काय

पूल बंद असताना शहर कसे चालते, हा प्रश्न कंत्राटात जेमतेम डोकावतो. एल्फिन्स्टन पूल 12 सप्टेंबर 2025 च्या रात्री बंद झाला तेव्हा परळच्या बाजूची केईएम, टाटा आणि वाडिया ही रुग्णालये आणि पश्चिमेकडची वस्ती यांच्यामधला सरळ रस्ता तुटला. रुग्णवाहिका, शाळेच्या बस आणि टॅक्सी टिळक पूल, करी रोड आणि लोअर परळ यांच्याकडे वळल्या, आणि या पुलांवर आधीच असलेली गर्दी दुणावली. त्याच्या जागी शिवडी-वरळी जोडरस्त्याचा भाग म्हणून दुमजली पूल व्हायचा आहे, ज्याची वरची पातळी अटल सेतूकडून येणाऱ्या वाहनांसाठी आणि खालची स्थानिक रहदारीसाठी असेल. पूल बंद होण्यापूर्वी शेजारच्या इमारतींतल्या रहिवाशांनी पुनर्वसनासाठी आंदोलन केले आणि पूल बंद करण्याची तारीख पुढे गेली. याला विकासातला अडथळा म्हणणे सोपे आहे, पण पिढ्यान्‌पिढ्या त्या चाळींत राहिलेल्यांनी आपले घर कुठे जाणार एवढे लेखी मागितले, तर त्यात वावगे काही नाही.

गोखले पूल 7 नोव्हेंबर 2022 पासून बंद झाला आणि 11 मे 2025 रोजी पूर्णतः खुला झाला. लोअर परळचा पूल जुलै 2018 मध्ये बंद होऊन नोव्हेंबर 2023 मध्ये पूर्णतः सुरू झाला. या पाच वर्षांतला रुळांवर प्रत्यक्ष काम करण्याचा काळ तासांत मोजता येईल एवढा थोडा आहे; बाकीचा आराखडे, कंत्राटे, पोलादाचा पुरवठा, अतिक्रमणे, महासाथ आणि पोहोच रस्ते यांत गेला. त्यावरून एक साधा नियम निघतो, तो असा की पर्यायी तुळई कारखान्यात जुळवून झाली, सर्व मान्यता हातात आल्या आणि पादचाऱ्यांची तात्पुरती वाट खुली झाली, की मगच जुना पूल बंद करावा. तो आजच धोकादायक असेल तर अर्थातच अपवाद करावा लागेल, पण पुलाची नियमित देखभाल झाली तर अशी अपवादाची वेळ क्वचितच येईल.

जागा असेल तिथे याहून चांगला मार्गही आहे. रे रोड येथे तारांनी तोललेला, म्हणजे केबल-स्टेड, पूल मे 2025 मध्ये सुरू झाला. अशा पुलाचा भार उंच मनोऱ्यावरून निघणाऱ्या तारा पेलतात, त्यामुळे रुळांमध्ये खांब लागत नाही आणि रस्त्याखालची तुळईही पातळ ठेवता येते. दादरच्या टिळक पुलासाठी महारेल या रेल्वे पायाभूत सुविधा उभारणाऱ्या कंपनीने हाच प्रकार निवडला आणि नवा पूल जुन्याच्या शेजारी आधी उभा करून वाहने त्यावर वळवल्यावरच जुना पाडायचा, असा क्रम ठरवला. त्याला अधिक खर्च येतो आणि अधिक जागा लागते. तरी दादरसारख्या ठिकाणी तोच क्रम योग्य आहे, आणि मुंबईतले जे जुने पूल अजून पाडायचे राहिले आहेत त्यांच्यासाठीही शक्य तिथे तोच पाळला जावा.